यमक नसलेली आजची कविता वाचायची कशी?

प्रश्न (जुळे सोलापूर):
कथा-कादंबऱ्या नेहमी वाचतो, पण शाळेनंतर कविता सुटली ती सुटलीच. आता हल्लीची कविता मनापासून वाचायची आहे. दोन-तीन संग्रह आणले, पण अर्थ हाती लागत नाही आणि ओळ कुठेही तुटते. वाचायचं कसं, आणि सुरुवात कुणापासून करावी?

उत्तर (होटगी रोड):
संग्रह कादंबरीसारखा सलग वाचू नका. एका बैठकीत पन्नास पानं काढली की दहाव्या कवितेपासून सगळ्या सारख्याच वाटू लागतात. दिवसाला दोन, फार तर तीन पुरे. प्रत्येक कविता तीनदा वाचायची: आधी मनात, न अडखळता, मग मोठ्याने, ओळ संपते तिथे किंचित थांबून, मग पेन्सिल घेऊन. प्रस्तावना शेवटी.

ओळ कुठेही तुटत नाही. नमुन्यासाठी चार ओळी रचतो:

नळाला पाणी आलं
पाचव्या दिवशी. आई
घागरीला कान लावून
उभी.

हेच सलग लिहा: 'पाचव्या दिवशी नळाला पाणी आलं, आई घागरीला कान लावून उभी आहे.' झाली बातमी! वरच्या मांडणीत 'पाचव्या दिवशी' उशिरा येतं, पाण्यासारखंच. 'आई' ओळीच्या टोकाला थांबते, ती काय करतेय हे कळायला खाली उतरावं लागतं. आणि 'उभी'पुढे 'आहे' नाही, त्यामुळे ते उभं राहणं संपतच नाही. पेन्सिलीचं काम एवढंच: कविता सलग वाक्यांत उतरवायची आणि काय हरवलं ते बघायचं.

उत्तर (मात्रावृत्त):
नवी कविता म्हणजे वृत्त नाही, असंही धरून चालू नका. मर्ढेकरांची 'पिपात मेले ओल्या उंदिर' ही ओळ मोजा. ऱ्हस्वाला 1, दीर्घाला किंवा 'उं'सारख्या अनुस्वार असलेल्या अक्षराला 2. 'पिपात मेले' 8, 'ओल्या उंदिर' 8, एकूण 16 मात्रा. म्हणजे 8-8 मात्रांचं पादाकुलक वृत्त! 'उंदीर' लिहिलं असतं तर एक मात्रा वाढली असती. गद्याच्या अंगाने जाणाऱ्या कवितेत अशी मोजणी चालत नाही; तिथे लय पुन्हा पुन्हा येणाऱ्या शब्दांत आणि लांब-आखूड वाक्यांत असते, म्हणून मोठ्याने वाचणं टाळू नका.

क्रम म्हणाल तर आधी नारायण सुर्वे, महानोर. मग नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' (1972). त्यातले कितीतरी शब्द कोशात सापडत नाहीत, म्हणून इथे मात्र विजय तेंडुलकरांची प्रस्तावना आधी वाचा. कोलटकरांची 'भिजकी वही' (2003) घेण्याआधी हायपेशिया, कसांड्रा, राबिया कोण होत्या एवढं पाहून ठेवा, नाहीतर निम्मी कविता निसटते. ग्रेस सगळ्यात शेवटी.

उत्तर (नवी पेठ):
सोलापुरात असाल तर दत्ता हलसगीकरांपासून सुरुवात करा. आपल्या गावचे कवी, भाषा साधी. पुस्तकांसाठी हिराचंद नेमचंद वाचनालयात विचारा. पुस्तकांना विषयवार क्रमांक देणारी ड्यूई पद्धत वापरणाऱ्या ग्रंथालयात मराठी कविता 891.461 खाली लागते.

आणि 'कवीला काय म्हणायचे आहे?' हा परीक्षेतला प्रश्न सोडा. त्याने कविता एका वाक्याच्या बोधात आटते आणि बोध सापडला नाही की आपल्याला कळलंच नाही असं वाटतं. त्याऐवजी कोण बोलतंय, कुणाशी, कुठे उभं राहून, आणि सूर कोणत्या ओळीला पालटतो, ते विचारा. सूर पालटतो ती ओळ सापडली तर निम्मं काम झालं.

प्रश्नकर्ता:
आणि तिसऱ्या वाचनातही काहीच लागलं नाही तर?

उत्तर (होटगी रोड):
पानावर तारीख घाला, पुढे जा. महिन्याने तीच कविता परत काढा, आधी मोठ्याने.