मदत हवी आहे: सुरुवातीचं विश्व ब्लॅक होल का नाही झालं?

चकोर:
दोन दिवस याच्यावर अडकलोय, कुणीतरी लवकर सांगा. श्वार्झशिल्ड त्रिज्येच्या (वस्तुमान केवढ्या गोलात कोंबलं की ब्लॅक होल होतं, ती त्रिज्या) सूत्रात विश्वाचं वस्तुमान टाकलं तर त्रिज्या विश्वाएवढीच येते! म्हणजे आपण ब्लॅक होलमध्ये आहोत का? आणि सुरुवातीला सगळं एवढंसं होतं तेव्हा ते कोसळलं कसं नाही? 'प्रसरण होत होतं' एवढंच नका सांगू, ते माहितीये.

मृगशीर्ष:
केवढ्या गोलातलं वस्तुमान? घनता कुठली धरली? आकडे टाका आधी.

रातवा:
सिंग्युलॅरिटी, म्हणजे घनता अनंत होते ती अवस्था, धरायचीच कशाला? लूप क्वांटम कॉस्मॉलॉजीत (विश्वाच्या गुरुत्वाला क्वांटमचे नियम लावणारा सिद्धांत), भौतिकशास्त्रज्ञ अभय अष्टेकरांच्या कामात, आकुंचन पावणाऱ्या विश्वाची घनता प्लँक घनतेच्या (जिथे गुरुत्वाचे क्वांटम परिणाम टाळता येत नाहीत) जवळ गेली की गुरुत्व ढकलायला लागतं आणि विश्व उसळून पुन्हा प्रसरण पावतं. मी ते वाचल्यापासून बिग बँग म्हणणंच सोडलं.

मृगशीर्ष:
प्रश्न त्याच्या कितीतरी नंतरच्या काळालाही लागू आहे हो. आणि उसळीचा पुरावा कुठाय?

रातवा:
इन्फ्लेशनच्या (सुरुवातीच्या क्षणातलं अतिवेगवान प्रसरण) तरी आदिम गुरुत्वीय लहरी कुठे सापडल्यात?

सांजवारा:
पार्श्वप्रारणाचं (सुरुवातीच्या विश्वातून उरलेल्या प्रारणाचं) तापमान आज २.७२५ केल्विन आहे आणि ते प्रारण विश्व ३,८०,००० वर्षांचं असतानाचं आहे, त्याच्या अलीकडचंच प्रकाशात दिसतं.

चकोर:
ते नव्हतं विचारलं. क्रांतिक घनता (विश्व सपाट असायला, म्हणजे अवकाशाला वक्रता नसायला, लागते तेवढी) घेतली, हबल स्थिरांक एच, म्हणजे प्रसरणाचा दर, ७०, त्रिज्या म्हणजे प्रकाशाचा वेग सी भागिले एच. मला वाटलं सगळे तेच धरतात.

मृगशीर्ष:
मग तिथेच गोम आहे! क्रांतिक घनता म्हणजे ३ एच वर्ग भागिले ८ पाय (π) जी, जी म्हणजे गुरुत्व स्थिरांक. तिला गोलाच्या घनफळाने गुणा, आलेलं वस्तुमान सूत्रात घाला, जी आणि पाय उडून जातात, हातात परत सी भागिले एच. साधारण १४०० कोटी प्रकाशवर्षं घातली, तेवढीच निघाली. यातून तुम्ही विश्व सपाट धरलंय एवढंच कळतं. आणि ते सूत्र बाहेर पोकळी असलेल्या गोळ्याचं आहे. सुरुवातीला द्रव्य सगळीकडे सारखंच होतं, बाहेर असं काही नव्हतंच, मग कोसळायचं कुठल्या बाजूला? जिथे दाटी खूपच जास्त असेल तिथे आदिम ब्लॅक होल होऊ शकतात, हॉकिंगनी १९७१ मध्ये तेच मांडलं. शिवाय ब्लॅक होलची सिंग्युलॅरिटी आत पडणाऱ्याच्या भविष्यात असते, बिग बँगची आपल्या भूतकाळात आहे.

चकोर:
हां, हे पटलं. पण इतकं एकसारखं का होतं?

मृगशीर्ष:
तेच सुटलेलं नाही. भौतिकशास्त्रज्ञ रॉजर पेनरोझनी १९७९ मध्ये सुरुवातीला वायल वक्रता (द्रव्याच्या गुठळ्या झाल्या की वाढणारा अवकाश-काळाच्या वक्रतेचा भाग) शून्य होती असं गृहीतक मांडलं, पण का शून्य, त्यावर एकमत नाही.

रातवा:
म्हणून म्हणतोय, उसळीच्या आधीचं विश्व बघा.

चकोर:
आणि ते एकसारखं का होतं मग?