टोकियोतल्या यानाकाची पायी खाऊ-फेरी आईबाबांना झेपेल का?

सायली_कोथरूड

नमस्कार मंडळी. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आईबाबांना घेऊन टोकियोला चाललेय. भाऊ दोन वर्षांपासून तिथे नोकरीला आहे, पण त्याला सुट्टी फक्त शनिवार-रविवार. आमचं हॉटेल उएनोजवळ आहे. मधल्या एखाद्या दिवसासाठी यानाका नावाच्या जुन्या वस्तीतली तीन तासांची पायी फेरी बघितली. आठ जणांचा गट, इंग्रजी बोलणारा गाइड, पाच-सहा दुकानांत थांबून चव घ्यायची, मध्ये एक-दोन देवळं.

बाबा ७१ वर्षांचे, गुडघे दुखतात. चालतात बऱ्यापैकी, पण एका जागी उभं राहवत नाही. आई पूर्ण शाकाहारी आहे, अंडंही खात नाही. भाऊ म्हणतो, "साधी गल्ली आहे ती, तिथे काय बघायचं?" आईला मात्र उंच इमारतींपेक्षा तिथली माणसं घरी कशी राहतात, काय रांधतात ते बघायचंय. तिघांचे मिळून पैसे बरेच होतात, म्हणून आधी विचारतेय. कुणी केली आहे का अशी फेरी?

मंदार_चाकण

कंपनीच्या कामाला गेलो असताना एका रविवारी मी एकटाच फिरून आलो. निप्पोरी स्टेशनच्या पश्चिमेकडच्या दारानं बाहेर पडायचं, थोडं चालून पायऱ्या उतरल्या की यानाका गिन्झा. बाजाराची गल्ली जेमतेम पावणेदोनशे मीटरची. फोनवर नकाशा असला की गाइड लागत नाही. पैसे वाचवा आणि त्यात एक दिवस टोकियोजवळच्या हाकोने या डोंगराळ पर्यटनस्थळी जाऊन या, असं माझं मत.

तांबटआळी

सायली, मी कसबा पेठेत वाढले, तांबट आळीतल्या ठोक्यांच्या आवाजात. पुण्यात वीस वर्षं जपानी शिकवतेय. सुट्टीच्या दिवशी जपानी पाहुण्यांना आमच्या आळीतून, बुरूड आळीतून, कुंभारवाड्यातून फिरवते. एका वेळी चार, फार तर पाच जण. यानाकाला चारदा गेलेय, दोनदा एकटी, एकदा फेरीबरोबर आणि एकदा आईला घेऊन. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी भावाच्या बोलण्याबद्दल. गल्ली साधीच आहे, पण ती उरली हेच मोठं आहे. १९२३ च्या भूकंपानंतरच्या आगींत आणि १९४५ च्या बॉम्बहल्ल्यांत टोकियोचा केवढा तरी भाग जळून गेला, यानाकाचा बराचसा भाग वाचला. त्याच्याही आधी, १६५७ मध्ये, एदो शहर, म्हणजे तेव्हाचं टोकियो, मोठ्या आगीत होरपळलं आणि नंतर गावातली कितीतरी देवळं इकडे हलवली गेली. म्हणून एवढ्याशा वस्तीत आजही सत्तरच्या वर बौद्ध मंदिरं आहेत. आपल्याकडे १९६१ च्या पुरात नदीकाठचे वाडे गेले आणि उरलेले एकेक करून पाडले जातायत. हे बघत मोठी झालेली माणसं यानाकात शिरली की काय बघायचं ते त्यांना सांगावं लागत नाही. बिनरंगाच्या लाकडी भिंती, सरकती दारं, दारासमोर अंगण नाही म्हणून थर्मोकोलच्या खोक्यांत लावलेली झाडं. एका घराच्या पायरीवर पाण्यानं भरलेल्या प्लॅस्टिकच्या बाटल्या ओळीनं ठेवल्या होत्या. मांजरांनी घाण करू नये म्हणून. आपण कुत्र्यांसाठी फाटकाशी लाल-निळ्या पाण्याच्या बाटल्या ठेवतो ना, तेच! आई तिथे पाच मिनिटं उभी होती.

आता गटाबद्दल. माझं सगळं म्हणणं याच गोष्टीवर आहे. पहिल्यांदा मी ज्या फेरीबरोबर गेले तिच्या जाहिरातीत "छोटा गट" होतं. प्रत्यक्षात जमलो पंधरा जण. गल्ली इतकी अरुंद की आम्ही एका दुकानासमोर थांबलो की रस्ता बंद. एक बाई सायकलवर मागे बाळ बसवून घरी निघाली होती, तिला आमच्यातून वाट मिळेना. ती काही बोलली नाही, खाली उतरली आणि सायकल हातानं ढकलत कडेकडेनं गेली. तिचा चेहरा मला अजून आठवतो. दुकानदारानं पंधरा तुकडे भराभर कापून दिले, गाइडनं पुढे बसून काय ते सांगितलं, मागच्यांना ऐकू गेलं नाही. सहा थांब्यांपैकी चार ठिकाणी मांस नाहीतर मासे. एवढे पैसे भरून मी एक तांदळाची सेन्बेई, म्हणजे भाजलेली कुरकुरीत चकती, आणि एक गोड गोळा खाऊन परत आले. त्या दिवसापासून आमच्या आळीतही मी पाचाच्या वर माणसं नेत नाही. तांबट काकांच्या भट्टीपाशी पाच जण मावतात आणि त्यांचा हातोडा थांबत नाही.

आईला नेलं तेव्हा मी गाइडला आधीच कळवून फक्त चार जणांची फेरी ठरवली. त्या दिवशी सेन्बेईच्या दुकानात आजोबा निखाऱ्यावर जाळी ठेवून चकत्या भाजत होते. चकती फुगायला लागली की चिनी मातीच्या ठोकळ्यानं दाबायची, उलटायची, पुन्हा दाबायची, शेवटी सोया सॉसचा ब्रश फिरवायचा. तो सॉस निखाऱ्यावर ठिबकला की जो वास उठतो त्याला मराठीत शब्द नाही. आई बघत राहिली आणि म्हणाली, "पोह्याचा पापड निखाऱ्यावर असाच सारखा फिरवावा लागतो, नाहीतर कड जळते." गाइडनं ते आजोबांना सांगितलं. त्यांनी लगेच विचारलं, पापड कशाचा? आई म्हणाली, पोह्याचा. पोहे म्हणजे काय? कांडलेला भात. मग आजोबांनी आत जाऊन न भाजलेली, वाळलेली चकती आणून आईच्या तळहातावर ठेवली. ती तिनं वाकवून बघितली, वाळवणाच्या पापडासारखी नखानं टिचकवून बघितली. दहा मिनिटं गेली. आठ जण असते तर ही दहा मिनिटं मिळाली नसती. मंदार, नकाशा तुम्हाला दुकानापर्यंत नेईल, पण हे बोलणं जपानी येणारं कुणी सोबत असल्याशिवाय होत नाही. पैसे याचेच द्यायचे.

आईच्या खाण्याबद्दल नीट लिहिते, कारण इथेच फजिती होते. जपानमध्ये "शाकाहारी" म्हटलं की ते मांसाचा तुकडा काढून देतात. पण सूप, सॉस, भाजी, टोफू, सगळ्याच्या मुळाशी दाशी नावाचा अर्क असतो आणि तो बहुधा कात्सुओ नावाच्या माशाच्या सुक्या किसाचा असतो. दिसत नाही, वासही फारसा कळत नाही. इनारी-झुशी दिसायला टोफूची पिशवी आणि भात, पण ती पिशवी दाशीत शिजवलेली असते. म्हणून आधी मेल करा आणि हे वाक्य पाठ करून ठेवा: "निकु मो साकाना मो तामागो मो ताबेमासेन. कात्सुओ नो दाशि मो दामे देस." म्हणजे मांस, मासे, अंडं खात नाही, कात्सुओची दाशीही चालत नाही.

मग चालतं काय? साधी सेन्बेई, पण झिंगा किंवा दाशी घातलेली नाही ना ते विचारून. दाइफुकु नक्की. बाहेर चिकट तांदळाचं आवरण, आत आझुकी. आझुकी म्हणजे लाल चवळीसारखं कडधान्य, शिजवून साखर घालून घोटलेलं. आपलं पुरणच, वेलची-जायफळ नसलेलं. आईनं चावा घेऊन सांगितलं, "उकड छान मळलीये." मिताराशी दांगो म्हणजे काडीला लावलेले तांदळाच्या पिठाचे गोळे, वर सोया आणि साखरेचा पाक. तिथेही पाकात दाशी नाही ना ते विचारायचं. योकान ही आझुकीची वडी समुद्री शेवाळाच्या कान्तेननं घट्ट केलेली असते. आमाझाके हे तांदळाचं कोमट गोड पेय आहे, ते कोजीचं, म्हणजे बुरशीनं आंबवलेल्या तांदळाचं, घ्या, त्यात दारू नसते. दोरायाकी, कासुतेरा आणि बहुतेक ताइयाकी या केकसारख्या गोड पदार्थांत अंडं असतं, ते टाळा. यानाका गिन्झात ज्यासाठी रांगा लागतात ते मेंचीकात्सु म्हणजे खिम्याचं कटलेट. ते बाबांना चालत असेल तर त्यांना खाऊ द्या. आईचा तो थांबा बदलून मागा.

बाबांच्या गुडघ्यांसाठी एकच करा. फेरी निप्पोरीकडून सुरू करून सेंदागी स्टेशनवर संपवायला सांगा. यूयाके दानदान नावाच्या पायऱ्या मग फक्त उतरायच्या, पुन्हा चढायला नकोत. उतरणंही नको असेल तर सेंदागीकडून सपाटीनं बाजारात शिरता येतं. आसाकुरा शिल्प संग्रहालय वाटेतच आहे, शिल्पकार आसाकुरा फुमिओ यांचं राहतं घर आणि स्टुडिओ, १९३५ चं. आत पाण्याभोवती बांधलेला बगीचा आहे, चौकाच्या वाड्यात असतो तसा घराच्या मधोमध. सोमवारी आणि गुरुवारी बंद असतं आणि बूट काढावे लागतात, म्हणून बाबांना पटकन निघणारे बूट घाला.

वाटेत यानाकाची दफनभूमी लागते. कचरू नका, तिथून शाळेची मुलं जा-ये करतात. शेवटचा शोगुन, म्हणजे जपानचा लष्करी शासक, तोकुगावा योशिनोबु तिथेच आहे. पाच मजली पॅगोडा होता, तो १९५७ मध्ये जळाला, आता फक्त जोत्याचे दगड दिसतात. आणि एका तिठ्यावर भलं मोठं हिमालया-सुगी आहे, म्हणजे आपला देवदार. आईनं त्याला हात लावून नमस्कार केला.

शुभदा_नारायणपेठ

छान लिहिलंत ताई. थोडी भर घालते. चालता चालता खायचं नाही, दुकानासमोरच उभं राहून किंवा बाकावर बसून संपवायचं आणि कागद-काडी त्याच दुकानात परत द्यायची. रस्त्यावर कचऱ्याचे डबे जवळपास नसतातच, पर्समध्ये एक पिशवी ठेवा. सुटी नाणीही ठेवा, काही छोट्या दुकानांत अजून रोखच चालते.

नेझु देवस्थान जवळच आहे, सेंदागीहून चालत. आत्ताची इमारत १७०६ ची आहे, लाल तोरींची, म्हणजे लाकडी कमानींची, रांग बाबांना आवडेल. अशा शिंतो, म्हणजे जपानच्या मूळ धर्माच्या, देवळात दोनदा वाकायचं, दोन टाळ्या, पुन्हा एकदा वाकायचं. बौद्ध मंदिरात टाळ्या नाहीत, नुसते हात जोडायचे. माझ्या सासऱ्यांनी चुकून बौद्ध मंदिरात जोरात टाळ्या वाजवल्या, तिथल्या बाई प्रेमानं जवळ आल्या आणि हात जोडून दाखवलं.

सायली_कोथरूड

तांबटआळी ताई, तुमचं उत्तर आईला मोठ्यानं वाचून दाखवलं. पापडाच्या ठिकाणी तिनं मला थांबवलं आणि पुन्हा वाचायला लावलं. दोन प्रश्न उरलेत. गाइड चांगला आहे हे आधी कसं ओळखायचं? आणि आईला काहीतरी सोबत न्यायचंय दुकानदारांना द्यायला, ते चालतं का?

तांबटआळी

जपानमध्ये गाइडची सरकारी परीक्षा आहे, ती पास झालेले स्वतःला तसं लिहितात. पूर्वी पैसे घेऊन परदेशी भाषेत फिरवायला ते प्रमाणपत्र लागायचंच. २०१८ मध्ये कायदा बदलला, आता त्याशिवायही फिरवता येतं, आणि त्यातही उत्तम माणसं आहेत. मी प्रमाणपत्रापेक्षा मेलचं उत्तर बघते. "शाकाहारी चालेल" एवढंच एका ओळीत आलं तर सोडून द्या. "दाशी चालते का, मध चालतो का" असं उलट विचारणारा गाइड सापडला तर लगेच ठरवा. आणखी एक विचारा: तुम्ही याच वस्तीत राहता का? या भागाला आज लोक यानेसेन म्हणतात, यानाका, नेझु आणि सेंदागीची पहिली अक्षरं घेऊन. हे नाव रुजलं ते तिथल्या तीन बायकांनी १९८४ मध्ये सुरू केलेल्या छोट्या मासिकामुळे. मुलांना सांभाळत, दारोदार फिरून म्हाताऱ्या माणसांकडून त्यांनी वस्तीच्या आठवणी गोळा केल्या. अशी माणसं ज्या वस्तीत आहेत तिथे तिथलाच गाइड मिळाला तर फार फरक पडतो.

भेट जरूर न्या, पण लहान. मोठी दिली की त्यांना परतफेडीचं ओझं होतं. घरगुती ओलं काही नको, बंद पाकीट न्या. आईला पोह्याचे पापड न्यायचे असतील तर न भाजलेले न्या आणि सोबत दोन ओळी जपानीत लिहून द्या. मजकूर मला इथेच विचारा, मी लिहून देते.

सायली_कोथरूड

तीन ठिकाणी मेल केले होते. दोघांकडून "नो प्रॉब्लेम" आलं. तिसऱ्या बाईंनी विचारलं की दाशी, अंडं, जिलेटिन यातलं काय काय टाळायचं, वडिलांना किती वेळानं बसायला हवं, आणि सहा थांब्यांऐवजी चार केले तर चालेल का. निप्पोरीहून सुरू, सेंदागीला शेवट. फक्त आम्ही तिघंच, त्यामुळे पैसे थोडे जास्त. शुक्रवार ठरवला, म्हणजे शिल्प संग्रहालयही उघडं असेल.

आईनं आज सकाळीच लक्ष्मी रोडवरून पापड आणले, पंचवीसचं पाकीट. ताई, त्या दोन ओळी लिहून द्याल? "हे भातापासून करतात, निखाऱ्यावर भाजा, तेल लागत नाही," एवढंच तिला सांगायचंय.