चर्चा : विवस्त्र भटकंती – कुणाच्या नजरेस न पडता कुठेही, की फक्त आखून दिलेल्या वाटेवर?

रानवाट
कपडे न घालता माळरानातून, जंगलातून चालणारे लोक बऱ्याच देशांत आहेत आणि त्यांच्यात दोन तट आहेत. एका तटाचं म्हणणं, जिथे फलक लावून मोकळीक दिली आहे तिथेच चाला. दुसरा तट म्हणतो, कायदा आड येत नसेल तर कोणतीही निवांत वाट चालेल, फक्त समोरच्याला अवघडवू नका. मी दुसऱ्या तटातला. नजरेस न पडणं बऱ्याच अंशी नियोजनाने साधतं, असं माझं ठाम मत आहे.

हिशेब करून बघा. समोरचा माणूस ताशी ४ किमी चालतोय आणि तुम्हीही तेवढंच. दोघांमधलं अंतर सेकंदाला सव्वादोन मीटरने घटतं. १०० मीटरवर दिसलेला माणूस ४५ सेकंदांत समोर येतो. तुम्ही जागच्या जागी थांबलात, तर ९० सेकंद मिळतात.

आता कपडे. हाफ पँट बुटांवरून चढवायला गेलात की टाच अडकते. एका पायावर तोल सांभाळत अर्धं मिनिट जातं, आणि समोरच्याला नेमकं तेच दिसतं. त्यापेक्षा कंबरेला गुंडाळायचं वेलक्रोचं आखूड फडकं वापरा. लांबी नितंबांच्या घेरापेक्षा २० ते २५ सेमी जास्त हवी, म्हणजे वाऱ्याने उघडत नाही. सॅक न उतरवता तिच्या बुडाखालून मागून फिरवायचं आणि पुढे चिकटवायचं, ५ सेकंदांचं काम. फडकं सॅकच्या आत नको, खांद्याच्या पट्ट्याला अडकवलेलं हवं.

वेळ : सुट्टीचे दिवस टाळा, उजाडताना निघा. वळणाआधी थांबून कानोसा घ्या. वाहत्या ओढ्याजवळ पावलांचा आवाज बुडून जातो, तिथे फडकं नेसूनच पुढे जा.

चढउतार
हा हिशेब सरळ वाटेचा आणि पायी माणसाचा आहे. जंगलवाटेवर पुढचं दिसतं फार तर २५ मीटर. तिथे पायी माणूस ११ सेकंदांत गाठतो. ताशी २४ किमीने उतरणारा सायकलवाला तर तीनेक सेकंदांत समोर. तुमचं ५ सेकंदांचं फडकं तिथे कमीच पडणार. शिवाय धावणारे मागून येतात. मऊ मातीवर त्यांची चाहूल लागत नाही आणि तुमची पाठ त्यांच्याकडे असते.

पण माझा खरा आक्षेप सेकंदांचा नाही. एकटी बाई सुनसान वाटेवर चालते आहे आणि वळणावर तिला विवस्त्र पुरुष दिसला. तुम्ही किती सभ्य आहात हे तिला कसं कळावं? तिच्या मनात पहिला विचार धोक्याचाच येणार, आणि तो रास्तच आहे. त्यात तुम्ही फडक्याकडे हात नेलात किंवा झुडपात शिरलात तर भीती दुणावते. कारण लपणारा माणूस दबा धरून बसल्यासारखाच दिसतो. तुमच्या हौसेची किंमत तिने का मोजायची?

म्हणून आखलेली वाट. जर्मनीत हार्झ डोंगरात डांकेरोडे गावाजवळ २०१० साली अशी वाट सुरू झाली, सुमारे १८ किमीची. वाटेवर काय दिसू शकतं हे फलक आधीच सांगतो. ज्याला नको असेल तो दुसरीकडून जातो. निवड दोन्ही बाजूंना मिळते.

कायदेकानू
‘कायदा आड येत नसेल तर’ हे रानवाट यांनी एका ओळीत उरकलं, तिथे थोडं थांबायला हवं. इंग्लंड आणि वेल्समध्ये २००३ च्या लैंगिक गुन्हे कायद्याचं कलम ६६ लागायला हेतू सिद्ध व्हावा लागतो : कुणीतरी पाहावं आणि त्याला भीती किंवा त्रास व्हावा, असा. नुसतं विवस्त्र चालणं त्यात बसत नाही. मात्र १९८६ च्या सार्वजनिक सुव्यवस्था कायद्याचं कलम ५ वेगळं आहे, आणि एखादा माणूस अस्वस्थ झाला तर पोलीस त्याकडे वळू शकतात. स्कॉटलंडमध्ये शांतताभंगाचा गुन्हा आहे. स्टीफन गॉफ हा विवस्त्र पायी फिरणारा गृहस्थ त्यापायी वर्षानुवर्षं तुरुंगात गेला. २०१४ साली युरोपीय मानवी हक्क न्यायालयानेही त्याच्या बाजूने निकाल दिला नाही.

स्वित्झर्लंडचं उदाहरण या चर्चेला जास्त लागू पडतं. अपेन्झेल इनरऱ्होडन या कॅन्टनने (प्रांताने) २००९ मध्ये विवस्त्र भटकंतीवर बंदीच घातली. शेजारच्या आउसरऱ्होडनमध्ये एकाला १०० फ्रँकचा दंड झाला आणि २०११ मध्ये सर्वोच्च संघीय न्यायालयाने तो कायम केला. तो माणूस लहान मुलं असलेल्या कुटुंबाच्या सहलीच्या जागेजवळून गेला होता. दंड किरकोळ, पण धडा मोठा : डोंगर निर्मनुष्य असला तरी चुली आणि बाकं असलेल्या जागा निर्मनुष्य नसतात.

तेव्हा देशच नव्हे, प्रांत आणि गावाचे नियमही निघण्याआधी वाचा. जिथे मनाई आहे तिथे ‘कुणी बघितलं नाही’ हा बचाव होत नाही.

उन्हाळी
मी रानवाट यांच्या बाजूने, पण दोघेही नजरेवरच अडकलात. प्रत्यक्षात दिवस बिघडतो तो कातडीमुळे.

सनस्क्रीन सगळेच कमी लावतात. प्रौढ माणसाच्या पूर्ण अंगाला एका वेळी ३० ते ३५ मिली लागतं, आणि दर दोन तासांनी पुन्हा. सहा तासांच्या चालीला तीन वेळा, म्हणजे १०० मिलीची ट्यूब संपलीच पाहिजे. निम्मी उरली तर तुम्ही भाजणार. ज्या भागांना कधीच ऊन लागलेलं नाही ते आधी लाल होतात : नितंब, मांड्यांचा वरचा भाग, स्तनाग्रं, जननेंद्रियं. पहिल्या दिवशी हे भाग तासाभरापेक्षा जास्त उघडे ठेवू नका. उंचीवर दर हजार मीटरला अतिनील किरणं साधारण १० टक्क्यांनी वाढतात, आणि गार वाऱ्यात भाजल्याचं कळत नाही.

सॅकचा पट्टा : उघड्या खांद्यावर घामाचं मीठ वाळतं आणि पट्टा कानशीसारखा घासतो. सनस्क्रीन तिथूनच आधी पुसलं जातं. पट्ट्यांना आणि कंबरपट्ट्याला मऊ, लवकर वाळणाऱ्या कापडाची खोळ शिवा. सुती नको, ओलं सुती कापड आणखी सोलतं. बसायला ३० बाय ४० सेमीचा फोमचा तुकडा ठेवा.

गोचीड गवताच्या टोकाशी वाट बघत असतात. कपडे नसले की त्या अंगावर सहज चढतात, पण दिसतातही लवकर. दर तासाला काखा, जांघा, गुडघ्यांची मागची बाजू आणि केसांची कड एकमेकांनी तपासा. चिकटली असेल तर बारीक टोकाच्या चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढा. तेल लावणं, चटका देणं अजिबात नको. गोचिडीतून पसरणाऱ्या लाइम आजाराच्या जंतूंना शरीरात उतरायला बहुधा एक दिवसाहून जास्त लागतो, म्हणून त्याच दिवशी काढलेल्या गोचिडीचा धोका बराच कमी. नंतरच्या महिनाभरात पसरत जाणारा लाल चट्टा दिसला तर डॉक्टरकडे जा. आधी सनस्क्रीन, ते मुरलं की मग कीटकरोधक, हा क्रम पाळा.

युरोप-अमेरिकेत ओढ्याकाठी जायंट हॉगवीड नावाचं माणसाहून उंच झुडूप असतं. त्याचा रस लागलेल्या जागी ऊन पडलं की फोड येतात. साबण-पाण्याने लगेच धुवा आणि ती जागा दोन दिवस उन्हापासून झाकून ठेवा.

आणि सॅकमध्ये कपड्यांचा पूर्ण जोड हवाच हवा : विजार, लांब बाह्यांचा गरम सदरा आणि वारा-पाऊस अडवणारं जॅकेट. चालताना अंग तापलेलं असतं, थांबलात की घाम वाऱ्यावर वाळतो आणि पाच मिनिटांत हुडहुडी भरते. थांबलं की आधी जॅकेट, मग पाणी.

रानवाट
@चढउतार, २५ मीटरचा मुद्दा बिनतोड आहे. त्यावर माझं उत्तर असं की फडकं काढायचं कुठे हे वाट ठरवते. दाट झाडी, अरुंद वाट, सायकलींच्या टायरचे ठसे दिसले की नेसलेलंच राहायचं. दोन्हीकडे दीडशे मीटर मोकळं दिसत असेल तिथेच काढायचं. आणि कुणी दिसलं की झुडपात नाही शिरायचं. जिथे आहोत तिथेच, वाटेच्या एका कडेला उभं राहून नेसायचं, हात दिसतील असे ठेवायचे, माणूस जवळ आला की मोठ्याने नमस्कार करायचा. एकटी बाई असेल तर वाट तिला मोकळी सोडून तिच्या उलट दिशेने निघून जायचं.

आखलेल्या वाटा मोजक्या आहेत. निवांतपणासाठी चालणाऱ्याला १८ किमीवर सगळ्यांसोबत चाला म्हणणं हा तोडगा होत नाही.

चढउतार
दीडशे मीटर तुम्हाला दिसतं. पण डोंगराच्या उघड्या धारेवर चालणारा माणूस आकाशाच्या पार्श्वभूमीवर किलोमीटरभरावरून ठळक दिसतो, आणि पक्षी बघणाऱ्यांच्या गळ्यात दुर्बीण असतेच. मोकळा माळ निवडलात की नेमकं हेच ओढवून घेता. धारेच्या वीस-तीस मीटर खालून चाललात तर मागे डोंगर येतो, हे मान्य. तरीही पलीकडचा उतार उरतोच. लांबून बघणाऱ्याला तुमचा नमस्कार ऐकू येत नाही. वाटेवर कुणीतरी विवस्त्र फिरतंय, एवढंच त्याला दिसतं आणि पोलिसांना फोन लागतो.

शेवाळ
दोन्हीकडचं वाचलं. एक गोष्ट कुणी काढली नाही : संख्या. विवस्त्र भटकंतीला निघालेला सहा पुरुषांचा गट भेटला तर सगळ्यांनी फडकी नेसलेली असली तरी समोरचा बिचकतोच. दोघं-तिघं पुरे, त्यात बायका असतील तर उत्तम. बाईने एकटीने जाऊच नये असं मी म्हणणार नाही, पण तिच्यासाठी आखलेली वाटसुद्धा आपोआप सुरक्षित होत नाही. फलक वाचून निव्वळ बघायला येणारेही तिथे येतात. त्यामुळे चढउतार यांचा तोडगा मला अर्धाच पटतो.

कॅमेऱ्याचा नियम निघण्याआधी ठरवा. फोन सॅकच्या वरच्या कप्प्यात बंद, नकाशासाठीच बाहेर. फोटो काढायचाच तर गटातल्या प्रत्येकाला विचारून, आणि फोनमधली जागेची नोंद बंद करून. ही नोंद चालू राहिली तर फोटोसोबत वाटेचा ठावठिकाणाही जातो. मग पुढच्या सुट्टीत त्या निवांत वाटेवर गर्दी होते आणि रानवाट यांची पद्धतही तिथे चालेनाशी होते.