जाणीव, मापन आणि तापवलेले रेणू

‘माणसाने पाहिल्याखेरीज कणाला निश्चित स्थान नसते, म्हणून वास्तव जाणिवेतून घडते’ या आपल्या प्रतिपादनाचा पूर्वार्ध विचारार्ह आहे. त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र मला मान्य होत नाही. व्हिएन्नातील संशोधकांनी २००४ मध्ये सत्तर कार्बन अणूंचे रेणू लेसरने तापवत नेले. एरवी हे रेणू तरंगांसारखे वागतात आणि एकाहून अधिक वाटांनी आलेले तरंग एकमेकांत मिसळून व्यतिकरणाचे, म्हणजे आलटून पालटून दाट-विरळ, पट्टे उमटतात. तापल्यावर मात्र ते रेणू स्वतःच प्रकाशकण बाहेर टाकू लागले आणि हे पट्टे फिके होत होत नाहीसे झाले. त्या प्रकाशकणांवरून रेणूंचा मार्ग कोणीही वाचला नव्हता. मार्गाची खूण परिसरात उमटली, एवढेच पुरले.

खानापुरात पीयूसीच्या (अकरावी-बारावीच्या) वर्गात हा प्रयोग फळ्यावर मांडला, तेव्हा एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, पट्टे गेले हे समजलं, पण अनेक शक्यतांतली एकच खरी का ठरते?” प्रश्न अगदी वर्मावर होता, कारण परिसराशी होणाऱ्या गुंत्याने, म्हणजे कणाची खूण परिसरात उमटल्याने, व्यतिकरण का लोपते ते कळते, एकच निष्पत्ती का दिसते ते कळत नाही. भौतिकशास्त्रज्ञ ह्यू एव्हरेटने १९५७ मध्ये सर्वच शक्यता, जणू वेगवेगळ्या विश्वांत, प्रत्यक्षात येतात असे मानले, तर भौतिकशास्त्रज्ञ डेव्हिड बोमने १९५२ मध्येच कणाला सदैव निश्चित स्थान असते आणि तरंग त्याला वाट दाखवतो, अशी मांडणी केली होती. दूरस्थ कणांचा परस्परांवर तात्काळ प्रभाव मानणे ही तिची किंमत आहे, आणि ती लहान नाही. तरीही असंख्य विश्वांपेक्षा मला तीच अधिक पटते.