बालकक्षात आरएसव्हीचा (श्वसनमार्गाला बाधणाऱ्या एका विषाणूचा) संसर्ग कसा पसरतो?

प्रश्न (परिचारिका, मेळघाट): आमच्या ग्रामीण रुग्णालयात जुलाबासाठी दाखल असलेल्या सात महिन्यांच्या बाळाचे पाचव्या दिवशी नाक वाहू लागले, ते दूध ओढेनासे झाले आणि श्वास घेताना त्याच्या बरगड्यांखालचा भाग आत खेचला जाऊ लागला, ताप मात्र नाममात्र होता. शेजारच्या खाटेवर आधीपासून धाप लागलेले बाळ होते. संसर्ग येथेच झाला असे समजावे काय?

उत्तर (वैद्यकीय अधिकारी, गडचिरोली): ताई, चित्र आरएसव्हीचे दिसते, परंतु खात्री नाकातील स्रावाच्या तपासणीनेच होईल. या विषाणूचा अधिशयन काळ (संसर्गापासून लक्षणे दिसेपर्यंतचा काळ) बहुधा ४ ते ६ दिवसांचा असल्याने तुमचा संशय रास्त आहे, तरी बाळाने तो घरूनच आणला असणेही शक्य आहे. खाटेचा कठडा, खेळणे अशा कठीण पृष्ठभागांवर विषाणू काही तास टिकतो, म्हणून हातांच्या स्वच्छतेकडे आधी पाहा. एकाच दुपट्ट्याने दोन लेकरांची नाके पुसणारी आजी प्रत्येक वॉर्डात असतेच.

उत्तर (बालरोगतज्ज्ञ, यवतमाळ): वरील मताशी सहमत आहे. धडधाकट मोठ्यांना यात बहुधा साधी सर्दीच होते, त्यामुळे शिंकत कामावर येणारा कर्मचारीही वाहक ठरतो, हे आपण सोयीस्करपणे विसरतो. दोन महिन्यांखालील बाळांत कधीकधी खोकल्याआधीच श्वास मध्येच थांबतो. त्यांच्यावर विशेष नजर ठेवावी. प्रतिजैविकांचा विषाणूवर उपयोग नाही. गरजेनुसार ऑक्सिजन आणि थोडेथोडे दूध हाच आधार. नेब्युलायझरचा (औषधाचा सूक्ष्म फवारा देणाऱ्या यंत्राचा) मुखवटा मात्र प्रत्येक बाळाला वेगळा द्यावा.