बिल्ट-इन फ्रिज घ्यावा का? नागपूरच्या उन्हात टिकतो का?

संत्रानगरी

नमस्कार मंडळी, घराचं काम काढलंय, किचन पूर्ण तोडून नव्याने करतोय. इंटिरियरवाल्या मॅडमनी थ्रीडीमध्ये फ्रिज दिसतच नाही असं काहीतरी दाखवलं, म्हणजे शेजारच्या कपाटाला जे शटर तेच फ्रिजला, आणि घरातले सगळे तेव्हापासून त्या चित्राच्या प्रेमात पडलेत. धाकधूक फक्त मला. एक तर कोटेशन लाखाच्या वर आणि एवढे पैसे देऊन लिटर बघा तर जेमतेम २७०. आत्ताचा साधा डबल डोअर ३४० चा आहे, तोही उन्हाळ्यात पुरत नाही, घरात पाच माणसं, आई पन्ह्याचा गर करून ठेवते, दुधाचं पातेलं, इडलीच्या पिठाचा डबा, आणि बाबांना अख्खं टरबूज थंड करूनच खायचं असतं. दुसरं म्हणजे आमच्या इथलं ऊन. मे मध्ये ४५ च्या वर जातं, त्यात फ्रिज लाकडी पेटीत कोंडायचा म्हणजे तो तापणार नाही का? आणि बिघडला तर मेकॅनिक तो काढणार कसा, फर्निचर तोडून?

कोणी खरंच वापरलाय का काही वर्षं? शोरूमवाले सगळं छानच सांगतात. सुतार पुढच्या आठवड्यात लागतोय, लवकर सांगा प्लीज.

कोथरूडची_माई

आमच्याकडे आहे, पाचेक वर्षं झाली, चालू आहे व्यवस्थित. दिसायला छान दिसतो यात वादच नाही, आवाजही कमी येतो. पण जागेचं विचाराल तर आम्ही दोघंच असतो म्हणून भागतं. लिटर बघू नका, आतली रुंदी बघा, कपाटाच्या पेटीत बसायचा म्हणून फ्रिज बाहेरून जेमतेम ५४-५६ सेंमी रुंद आणि त्यात दोन्ही बाजूंचं इन्सुलेशन, त्यामुळे आतला कप्पा तुमच्या आत्ताच्या फ्रिजपेक्षा अरुंद येतो. शोरूमला जाताना तुमचं नेहमीचं दुधाचं पातेलं मापून जा, नाहीतर सरळ घेऊनच जा, लोक बघू देत. टरबूज अर्धं कापूनच ठेवावं लागेल, मधली काच काढली तर अख्खं बसतं पण मग बाकीचं सामान कुठे.

मेंटेनन्सचं म्हणाल तर एकच गोष्ट घोकून ठेवा, आतल्या मागच्या भिंतीला खाली जे बारीक भोक असतं ना ते. आमच्या मॉडेलमध्ये फ्रिजच्या कप्प्यात फॅन नाही, मागच्या भिंतीवर पाणी सुटतं आणि ते पन्हळीतून त्या भोकात जाऊन मागे कॉम्प्रेसरवरच्या ट्रेमध्ये पडतं, तिथे गरमीने उडून जातं. कोथिंबिरीचं एक पान त्यात अडकलं की पाणी भाजीच्या ट्रेखाली साठतं. साध्या फ्रिजला ते पाणी फरशीवर येतं आणि लगेच कळतं, इथे ते आधी प्लायमध्ये मुरतं. माझ्या जावेकडे तेच झालं, खालचा बेस चांगला फुगलेला, लॅमिनेट बोटाने उचलायचं. फ्रिजबरोबर एक प्लास्टिकची काडी येते ती टाकून देऊ नका, दर महिन्याला फिरवायची, आणि सिरिंजने थोडं कोमट पाणी सोडायचं. दाराचं रबर पण घड्यांमध्ये नीट पुसायचं, साध्या साबणाच्या पाण्याने. दारात कागदाचा कपटा धरून बघा, तो सरसर ओढून निघाला तर रबर सैल आहे.

प्लायवाला

मी मॉड्युलर किचनच्याच धंद्यात आहे, म्हणून स्पष्ट सांगतो. या फ्रिजांच्या ज्या तक्रारी येतात त्यातल्या बऱ्याचशा फ्रिजच्या नसतात, पेटीच्या असतात.

फ्रिज आतली गरमी ओढून मागे टाकतो. मोकळा उभा असला की ती हवेत जाते, पेटीत असला की तिला रस्ता करून द्यावा लागतो, खालून गार हवा आत, मागून वर, आणि वरून बाहेर. कंपन्यांच्या मॅन्युअलमध्ये बहुतेक ठिकाणी २०० चौरस सेंमी लिहिलेलं असतं, खाली २०० आणि वर २००. म्हणजे ५० सेंमी लांब आणि ४ सेंमी उंच फट. हे मोकळं माप आहे हं, जाळी लावली की जाळीची तार जागा खाते, मग फट मोठी ठेवा. मागे भिंतीपर्यंत ४-५ सेंमीचा डक्ट, आणि पेटीला मागचा प्लाय लावायचा नाही.

आता आपल्याकडची गोची. आपल्या किचनमध्ये खाली प्लिंथ असतो, विटांचा किंवा कडप्प्याचा, पाणी आणि झुरळं नकोत म्हणून पूर्ण बंद. वर छतापर्यंत माळा, त्याच्यावर पीओपी. म्हणजे खालून हवा यायला जागा नाही आणि वरून जायला नाही. थ्रीडीमध्ये हे काहीच दिसत नाही. तुमच्या सुताराला आत्ताच सांगा की फ्रिजच्या टॉल युनिटखाली, म्हणजे त्या उंच कपाटाखाली, प्लिंथ बांधायचा नाही, १०० एमएमचे पाय लावायचे आणि पुढे निघणारी जाळीची स्कर्टिंग. झुरळांसाठी आतून स्टीलची बारीक जाळी. वर माळा हवाच असेल तर त्याची खोली मागून कमी करा आणि मागचा डक्ट थेट वरपर्यंत नेऊन पुढे ग्रिल काढा. मॅडमना ग्रिल आवडणार नाही, तिथे ऐकू नका.

दुसरं शटर. दोन पद्धती असतात. एकीत शटर पेटीच्या बिजागरीवर असतं आणि फ्रिजच्या दाराला फक्त सरकत्या पट्टीने जोडलेलं असतं, दुसरीत शटर थेट फ्रिजच्या दारावर बसतं, सगळं वजन फ्रिजच्या बिजागरीवर. दुसरी जास्त टिकते, उघडायला पण सुटसुटीत. पण शटर किती किलोपर्यंत चालेल ते मॅन्युअलमध्ये असतं ते बघूनच मटेरियल ठरवा. १९ एमएम प्लायवर काच चढवलेलं जड शटर लावलं की दार हळूहळू खाली बसतं आणि रबर वरच्या कोपऱ्यात सुटतं, मग आत बर्फ. प्लाय बीडब्ल्यूपी घ्या, म्हणजे पाण्याला टिकणारा, आयएस ७१० चा शिक्का बघून.

म्युनिकचा_बंड्या

इकडे जर्मनीत हा प्रकार अगदी सर्वसामान्य आहे, श्रीमंती वगैरे काही नाही, बऱ्याच भाड्याच्या घरांमध्ये किचनसुद्धा भाडेकरूच आणतो आणि जाताना उचलून नेतो, त्यामुळे सगळी मापं ठरलेली असतात. पेटीची रुंदी ५६ सेंमी, खोली ५५-५६, आणि उंची ८८, १२२ किंवा १७८. याचा फायदा असा की दहा वर्षांनी फ्रिज गेला तर कुठल्याही कंपनीचा त्याच खणात बसतो. तुम्ही पण पेटी १७८ च्याच मापात करून घ्या, सुतार म्हणेल थोडी उंच करू, मधे एक खण टाकू, तर करू देऊ नका.

पण एक लक्षात घ्या, हे डिझाइन इकडच्या हवेसाठी झालेलं आहे, आमचं किचन उन्हाळ्यात ३० ला गेलं तरी बोंबाबोंब होते. फ्रिजच्या आत स्टिकरवर क्लायमेट क्लास असतो, N म्हणजे बाहेर ३२ डिग्रीपर्यंत, ST ३८ पर्यंत, T ४३ पर्यंत. नागपूरला T किंवा SN-T (म्हणजे SN ते T, वरची मर्यादा तीच ४३) लिहिलेलाच घ्या.

गॅस_चार्जिंग

कोल्हापुरातनं लिहितोय, रिपेअरिंगच करतो. भावा मी सरळ सांगतो, पाच माणसं आणि ४५ डिग्री, बिल्ट-इन नको. ४३ पर्यंतचा क्लास म्हणजे बाहेर ४३, पेटीच्या आत मागे किती होतं ते बघायला कोण जात नाही. दुपारी किचन बंद, शेजारी ओव्हनचं युनिट (हे पण त्या थ्रीडीत हमखास असतं, आधी विचार), मग कॉम्प्रेसर थांबतच नाही.

मेकॅनिक कसा काढतो विचारलंस ना. फर्निचर तोडावं लागत नाही, आधी शटर सोडवायचं, मग पेटीला धरलेले स्क्रू, मग दोघांनी मिळून बाहेर ओढायचा. तासभर त्यातच जातो, आणि परत बसवताना शटरची लेव्हल आली नाही की मालकीणबाई आमच्यावर. हल्लीच्या फ्रिजात आर-६०० ए गॅस असतो, तो पेटणारा आहे, असतो थोडाच पण गल्लीतल्या कुणालाही टॉर्च लावून ब्रेझिंग (नळ्यांना डाग देणं) करू देऊ नका, कंपनीचा नाहीतर शिकलेलाच माणूस बोलवा. त्यामुळे घ्यायच्या आधी शोरूमला नाही, सर्व्हिस सेंटरला फोन लावा, नागपुरात त्यांचा माणूस आहे का की पुण्यामुंबईहून येणार ते विचारा. पार्ट बाहेरून यायचा असेल तर उन्हाळ्यात महिनाभर फ्रिजविना काढायची तयारी ठेवा.

आणि चाकूने बर्फ खरवडू नका. रोज एक तरी येतोच असा.

माझं मत, चांगला साधा फ्रोस्ट-फ्री घ्या आणि त्याला कोनाडा करा, बाजूला नि वर मॅन्युअलप्रमाणे जागा सोडून. ओटा ६० सेंमीचा, फ्रिज ६५-७०, थोडा पुढे येईल. येऊ दे की.

संत्रानगरी

सगळ्यांना मनापासून धन्यवाद, एवढं कोणी शोरूममध्ये पण सांगितलं नसतं. सर्व्हिसवाल्यांना फोन केला, एका कंपनीचा माणूस नागपुरातच आहे आणि मॉडेल SN-T आहे. ओव्हन खरंच शेजारीच दाखवला होता, तो आता समोरच्या भिंतीला. घरच्यांपुढे माझं चालणार नाही हे दिसतंय, त्यामुळे बिल्ट-इनच होणार, पण जुना ३४० चा विकत नाही, मागच्या बाल्कनीत युटिलिटीत जाईल, टरबूज आणि पन्हं तिकडे. कोल्हापूरकर दादा, रागावू नका.

आता दोनच प्रश्न. प्लग पॉइंट कुठे द्यायचा? आणि टॉल युनिट अगदी डाव्या भिंतीला लागून येतंय, चालेल ना?

गॅस_चार्जिंग

रागावतोय कशाला, दोन फ्रिज म्हणजे आम्हाला दोन गिऱ्हाईकं :)

प्लग फ्रिजच्या मागे अजिबात नको, शेजारच्या कपाटात द्या, हाताला येईल असा. स्टॅबिलायझर लागत असेल तर तोही तिथेच. मागच्या डक्टमध्ये ठेवलेले बघितलेत मी, तो स्वतः तापतो आणि हवापण अडवतो.

प्लायवाला

भिंतीला चिकटवू नका. बिजागरी डावीकडे आली तर दार ९० च्या पुढे जाणार नाही आणि आतले भाजीचे ड्रॉवर दाराच्या कडेला अडकतील, पूर्ण बाहेर निघणारच नाहीत, काच काढून धुवायची म्हटली तरी पंचाईत. भिंत आणि युनिटच्या मधे किमान ५ सेंमीचा फिलर, म्हणजे जागा भरणारी पट्टी, टाका, हँडल बाहेर येणारं असेल तर अजून जास्त. बिजागरी उजवीकडे घेतली तर दार ओट्याकडे उघडेल आणि दूध काढून ओट्यावर ठेवायला प्रत्येक वेळी वळसा, ते नका करू. मॉडेलचा नंबर टाका इथे, कटआउटचं ड्रॉइंग बघून सुताराला द्यायची मापं लिहून देतो.