भीमाशंकरला सायकलने: घोडेगावचा रस्ता

पुण्याहून भीमाशंकरला सायकलने कुठल्या रस्त्याने जावं, असं विचारलंय आणि दोघांनी राजगुरुनगर-वाडा मार्ग सुचवलाय. तो चांगलाच आहे, पण पहिल्यांदा जात असाल तर मी मंचर-घोडेगाव-डिंभेने जा म्हणेन. मंचरपर्यंत नाशिक हायवेची रहदारी सोसावी लागते, त्यामुळे पहाटे साडेचारलाच निघा. घोडेगावात बाटल्या भरून घ्या. डिंभ्यानंतर धरणाचं पाणी दिसायला लागतं आणि चढही.

तळेघर सोडलं की गिअर हलका करा, घाई करू नका. हे जंगल मुख्यतः शेकरूसाठी १९८५ साली अभयारण्य झालं, पण त्याच्याही कितीतरी आधीपासून देवराई म्हणून लोकांनीच राखलंय. मागच्या खेपेला चेन बसवायला थांबलो, तर डोक्यावर खडखडाटासारखा आवाज. फांदीच्या बेचक्यात काटक्यांचं गोल घरटं आणि खाली लोंबणारी तांबूस, झुबकेदार शेपटी! दहा मिनिटं हलावंसंच वाटलं नाही.

देवळाजवळची मोठी घंटाही बघा, १७३९ च्या वसई विजयानंतर चिमाजी अप्पांनी आणलेली म्हणतात.

श्रावणी सोमवार आणि महाशिवरात्र टाळा, गाड्यांच्या रांगांत सायकल चालवणं धोक्याचं. आणि परतीचा उतार अंधार पडायच्या आत उतरा, कृपया.